सगळी टार्गेट हिरवी, तरी कंपायलर चुकतोय: कुठून तपासायला सुरुवात करावी

कंपायलरचे टप्पे वेगवेगळे तपासता यावेत म्हणून मेकफाइलमध्ये, म्हणजे ‘मेक’ या बिल्ड साधनाला दिलेल्या सूचनांच्या फाइलमध्ये, प्रत्येक टप्प्याला एक टार्गेट (नावाने चालवता येणारं काम किंवा बनवायची फाइल) ठेवतात: लेक्स-टेस्ट, पार्स-टेस्ट, टाइप-टेस्ट, कोड-टेस्ट आणि शेवटी तयार झालेला प्रोग्रॅम चालवून बघणारं रन-टेस्ट. लेक्सर कोडचे टोकन, म्हणजे सुटे शब्द आणि चिन्हं पाडतो, आणि पार्सर त्या टोकनांचं झाड (एएसटी) बांधतो. टेस्ट पास झाली की टार्गेट हिरवं, नापास झाली की लाल. पद्धत उत्तम आहे, फक्त या टार्गेटवर विश्वास ठेवता आला पाहिजे. तो उडाला की माणूस पार्सरमध्ये डोकं घालून बसतो आणि दोष मेकफाइलच्या एका ओळीत असतो. हाच दोष मी वेगवेगळ्या प्रोजेक्टमध्ये इतक्यांदा काढला आहे की आता कुणी ‘पार्सर बिघडलाय’ म्हणालं तर मी पार्सरची फाइल उघडतच नाही. आधी एवढंच विचारतो: जी टेस्ट पास झाली म्हणताय, ती खरोखर चालली का, आणि आत्ताच्या कोडवरच चालली का?

इथे जीएनयू मेक आणि सीमध्ये लिहिलेला कंपायलर गृहीत धरला आहे. तुमच्याकडे मेकऐवजी निंजा हे बिल्ड साधन असेल किंवा कंपायलर दुसऱ्या भाषेत लिहिलेला असेल, तरी बहुतेक तपासण्या तशाच लागू पडतात. आज्ञा आणि पर्याय देवनागरीत लिहिले आहेत, टर्मिनलवर ते रोमन अक्षरांतच टाकायचे.

लक्षणं

- ‘मेक टेस्ट’ म्हटलं की क्षणात ‘अप टू डेट’ असा संदेश येतो आणि एकही टेस्ट चालत नाही.
- पहिल्यांदा लाल. काहीही न बदलता पुन्हा चालवलं की हिरवं.
- ‘मेक क्लीन’ केल्यावर सगळं सुरळीत, काही दिवसांनी पुन्हा तेच.
- लेक्स-टेस्ट हिरवं, पार्स-टेस्ट हिरवं, पण प्रत्यक्ष प्रोग्रॅम कंपाइल केला की साधी वजाबाकीही चुकते.
- तुमच्या मशीनवर हिरवं, बिल्ड सर्व्हरवर लाल. किंवा एका वेळी एकच काम चालवलं तर हिरवं आणि -जे ८ (एकाच वेळी आठ कामं) दिलं की लाल.
- ‘इथे कंपायलरने एरर द्यायलाच हवी’ अशा सगळ्या टेस्ट पास होतात, पण वापरणाऱ्याने तशीच चूक केली की कंपायलर एरर न देता कोसळतो.
- अपेक्षित आउटपुट आणि आलेलं आउटपुट डोळ्यांना अगदी सारखं दिसतं, डिफ (दोन फाइलींतला फरक दाखवणारी आज्ञा) मात्र प्रत्येक ओळ वेगळी असल्याचं सांगतो.

यातलं एक जरी लक्षण जुळलं तरी खालच्या क्रमाने जा. क्रम मुद्दाम असा लावला आहे: सुरुवातीच्या तपासण्यांना काही मिनिटं लागतात, शेवटच्यांना दिवस जाऊ शकतात.

क्लीन करण्याआधी प्रत काढा

टार्गेट विचित्र वागलं की हात आपोआप ‘मेक क्लीन’कडे जातो. तेवढं करू नका. क्लीनने दोष बरा होत असेल तर त्याचा अर्थ बिल्ड फोल्डरमध्ये एखादी जुनी फाइल पडून होती, आणि क्लीनने तुम्ही नेमका तोच पुरावा पुसता. दोष परत येतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

आधी सगळ्या प्रोजेक्टची प्रत काढा, आणि ती ‘सीपी -ए’ ने काढा. साध्या ‘सीपी -आर’ ने प्रत काढली तर फाइलींच्या वेळा बदलतात. १९७६ मध्ये बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी मेक लिहिलं तेव्हापासून त्याचा निर्णय मुळात फाइलच्या शेवटच्या बदलाच्या वेळेवरच ठरतो. वेळा हरवल्या की दोषही हरवतो.

ती प्रत तशीच जपून ठेवा, तशीच आणखी एक प्रत काढा आणि त्या दुसऱ्या प्रतीत ‘मेक -बी’ चालवा, बी कॅपिटल. हा पर्याय वेळा न बघता सगळं नव्याने बनवतो. नेहमीच्या मेकचा आणि याचा निकाल वेगळा आला, तर दोष बहुधा कंपायलरमध्ये नसून अवलंबनांच्या (कुठली फाइल कशावरून बनते याच्या) यादीत आहे. मग खाली थेट हेडर फाइलींच्या भागाकडे गेलात तरी चालेल.

टेस्ट लाल होऊ शकते का, ते पाहा

एखादी अपेक्षित आउटपुटची फाइल घ्या, तिच्यात एक अक्षर चुकीचं करा आणि टार्गेट चालवा. लाल झालंच पाहिजे. झालं नाही, तर आजवरच्या त्या टार्गेटच्या सगळ्या हिरव्या निकालांना काहीही किंमत नाही.

हीच कसोटी उलट्या बाजूनेही घ्या. लेक्सरच्या कोडमध्ये मुद्दाम बिघाड करा, समजा संख्या वाचताना शेवटचा अंक गाळा, आणि लेक्स-टेस्ट लाल होतं का ते बघा. पहिल्या कसोटीतून तुलना होते आहे हे कळतं, दुसरीतून तुलना आत्ताच्या कोडशी होते आहे हे कळतं. पहिली पास आणि दुसरी नापास असेल, तर टेस्ट जुन्या बायनरीवर (आधी बांधून ठेवलेल्या कंपायलरवर) चालते आहे. प्रत्येक टप्प्याच्या टार्गेटसाठी हे वेगळं करा. लेक्स-टेस्ट नीट आहे म्हणून टाइप-टेस्टही नीट असेल असं समजू नका, कारण ती टार्गेट बहुधा वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या वेळी लिहिलेली असतात.

मेक नक्की काय चालवणार आहे?

‘मेक -एन पार्स-टेस्ट’ म्हणा. काहीही न चालवता मेक फक्त आज्ञा छापून दाखवेल. त्या वाचा, नुसती नजर फिरवू नका.

आज्ञाच छापल्या गेल्या नाहीत, तर त्या टार्गेटच्या नावाची फाइल किंवा फोल्डर आहे का ते बघा. ‘टेस्ट’ नावाचं फोल्डर बहुतेक प्रोजेक्टमध्ये असतंच. मेकला वाटतं की टेस्ट नावाची गोष्ट बनवायची होती, ती तर बनलेली आहे, मग काम संपलं. उपाय एका ओळीचा: ही सगळी नावं .फोनी या खास टार्गेटसमोर लिहा, रोमनमध्ये ते पूर्ण कॅपिटल असतं. त्याने मेकला कळतं की ही फाइलींची नावं नाहीत, कामांची नावं आहेत.

आज्ञा छापल्या गेल्या, तर कंपायलरचा मार्ग बघा. नुसतं कंपायलरचं नाव लिहिलेलं असेल तर शेल ते पाथमध्ये (आज्ञा शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) शोधतो, आणि तिथे मागे कधीतरी इन्स्टॉल केलेला जुना कंपायलर बसलेला असू शकतो. रेसिपीत, म्हणजे टार्गेटखाली लिहिलेल्या आज्ञांत, नेहमी बिल्ड फोल्डरपासूनचा पूर्ण मार्ग द्या. कंपायलरच्या ‘--व्हर्जन’मध्ये कमिटचा क्रमांक छापत असाल तर टेस्टच्या सुरुवातीला तो एकदा छापून घ्या, पुढचे कितीतरी वाद तिथेच मिटतात.

एकूण किती टेस्ट चालल्या तेही छापा. टेस्टच्या फाइली वाइल्डकार्डने गोळा केल्या असतील आणि कुणी फोल्डरचं नाव बदललं, तर वाइल्डकार्डला काहीच सापडत नाही. शून्य टेस्ट चालतात, शून्य नापास होतात, टार्गेट हिरवं. बिल्ड सर्व्हरवर टेस्ट कमी भरत असतील तर ‘गिट चेक-इग्नोर -व्ही’ वापरून बघा. अपेक्षित फाइलींना .आउट किंवा .एस असं शेपूट असेल आणि गिटइग्नोरमध्ये तीच शेपटं असतील, तर त्या फाइली रिपॉझिटरीत कधी गेलेल्याच नसतात.

एक्झिट कोड कुठे गळतोय

मेक रेसिपीतल्या प्रत्येक ओळीचा एक्झिट कोड (आज्ञा संपताना परत देते तो आकडा, शून्य म्हणजे यशस्वी) बघतं आणि त्यावरून पास की नापास ठरवतं. म्हणजे शून्य नसलेला कोड मेकपर्यंत पोचलाच नाही तर नापास झालेली टेस्ट पास दिसते. तो गळण्याच्या जागा ठरलेल्या आहेत.

पहिली जागा पाइप. कंपायलरचं आउटपुट थेट डिफमध्ये सोडलं, तर साधा शेल फक्त शेवटच्या आज्ञेचा कोड परत देतो. कंपायलरने पूर्ण एएसटी बरोबर छापली आणि नंतर मेमरी सोडताना तो कोसळला, तर डिफला फरक दिसत नाही आणि कोसळल्याचं कुणालाच कळत नाही. लॉगसाठी ‘टी’ (आउटपुट पडद्यावर आणि फाइलमध्ये दोन्हीकडे देणारी आज्ञा) लावला असेल तर गोष्ट आणखी वाईट, कारण टी जवळपास कधीच नापास होत नाही. मेकफाइलमध्ये शेल बॅश ठेवा आणि .शेलफ्लॅग्जमध्ये पाइपफेल चालू करा, म्हणजे पाइपमधली कुठलीही आज्ञा पडली तरी कळेल. त्याहून सरळ उपाय म्हणजे आउटपुट आधी फाइलमध्ये घ्या, कोड तपासा आणि मगच डिफ करा.

दुसरी जागा फॉर लूप. सगळ्या टेस्ट एका शेल लूपमध्ये चालवल्या तर लूपचा कोड हा शेवटच्या फेरीचा कोड असतो. चाळीस टेस्टपैकी पहिल्या एकोणचाळीस पडल्या आणि शेवटची पास झाली, तर मेकला सगळं छान दिसतं. लूपच्या आत ‘|| एक्झिट १’ टाका, किंवा प्रत्येक टेस्टला स्वतःचं टार्गेट द्या. मला दुसरा मार्ग अधिक पटतो, कारण मग एकच टेस्ट वेगळी चालवता येते आणि मेकचा -के पर्याय एक पडली तरी बाकीच्या पुढे चालवतो. लूप ठेवायचाच असेल तर शेलच्या चलाआधी (व्हेरिएबलआधी) डॉलर दोनदा लिहिलाय ना ते बघा. एकच डॉलर असेल तर मेक त्याला स्वतःचं चल समजतं, त्या जागी रिकामी जागा भरतं, आणि कंपायलर कुठल्याच फाइलशिवाय चालतो.

तिसरी जागा रेसिपीच्या ओळीच्या सुरुवातीचं वजाचिन्ह, किंवा शेवटी लावलेलं ‘|| ट्रू’. दोन्हींचा अर्थ ‘चूक झाली तरी दुर्लक्ष कर’. हे कुणीतरी कधीतरी घाईत लावलेलं असतं आणि मग ते तसंच राहतं. मेकफाइलमध्ये शोधून प्रत्येकाचं कारण विचारा.

चौथी जागा मला सर्वांत धोक्याची वाटते: चुकीच्या प्रोग्रॅमच्या टेस्ट. इथे कंपायलरने नकार देणं अपेक्षित असतं, म्हणून रेसिपीत उद्गारचिन्ह लावून कोड उलटा केलेला असतो. शून्य सोडून काहीही आलं की पास. पण सेगमेंटेशन फॉल्टने कोसळलेल्या प्रोग्रॅमचा कोड शेलमध्ये १३९ दिसतो, म्हणजे १२८ अधिक सिग्नल ११. तो शून्य नाहीच, म्हणून पास. असर्ट (कोडमध्येच लिहिलेली अंतर्गत तपासणी) फुटला तर १३४, तोही पास. तुमचा कंपायलर चूक सापडल्यावर १ परत देत असेल तर कोड बरोबर १ आहे का तेच तपासा, आणि एररचा मजकूर आणि ओळ क्रमांकही अपेक्षित फाइलशी ताडून बघा. एलएलव्हीएम या कंपायलर-प्रोजेक्टच्या टेस्टमध्ये याच कारणासाठी ‘नॉट’ नावाचा वेगळा छोटा प्रोग्रॅम आहे. कंपायलर कोसळला तर तो टेस्ट नापास करतो. कोसळणंच अपेक्षित असेल तर तसं वेगळं सांगावं लागतं. हा भाग दुरुस्त केल्यावर एकदम अनेक टेस्ट लाल होतील. घाबरू नका, त्या आधीपासूनच पडत होत्या.

पहिल्यांदा लाल, दुसऱ्यांदा हिरवं

याचं कारण जवळपास नेहमी एकच असतं, म्हणून ते नीट बघू. समजा टार्गेट आहे ‘०७.फरक’, आणि रेसिपी अपेक्षित व आलेल्या फाइलींचा डिफ काढून त्याच ०७.फरक फाइलमध्ये लिहिते. फरक सापडला, डिफने कोड १ दिला, मेकने टेस्ट नापास ठरवली. इथवर सगळं बरोबर. पण ०७.फरक ही फाइल तोवर डिस्कवर तयार झालेली आहे, आणि ती तिच्या सगळ्या अवलंबनांपेक्षा नवी आहे. पुढच्या वेळी मेक वेळा बघतं, फाइल ताजी आहे असं ठरवतं आणि रेसिपी चालवतच नाही. हिरवं.

हाच प्रकार मधल्या टप्प्यांच्या फाइलींतही होतो. लेक्सरचं आउटपुट फाइलमध्ये वळवलं असेल तर शेल ती फाइल लेक्सर सुरू होण्याआधीच उघडतो. लेक्सर कोसळला तरी शून्य बाइटची टोकन फाइल मागे उरते. पुढच्या फेरीत पार्सर ती रिकामी फाइल वाचतो आणि ‘अनपेक्षित शेवट’ अशी एरर देतो, आणि सगळे पार्सरकडे धावतात.

उपाय: मेकफाइलमध्ये .डिलीट_ऑन_एरर ही एक ओळ. रेसिपी नापास झाली आणि त्या वेळी टार्गेटची फाइल बदललेली असेल तर मेक ती पुसून टाकतं. ही सवय मुळातच चालू असायला हवी होती असं माझं ठाम मत आहे. मेकमध्ये ती आपसूक चालू नसते, म्हणून प्रत्येक मेकफाइलच्या डोक्यावर लिहा.

याच ओघात आणखी एक गोष्ट बघून घ्या. टेस्टच्या नियमात अवलंबन म्हणून इनपुट आणि अपेक्षित फाइल लिहिलेली असते, पण खुद्द कंपायलरची बायनरी लिहिलीय का? नसेल तर कंपायलर बदलला तरी मेकला टेस्ट पुन्हा चालवायचं कारण दिसत नाही.

हेडर बदललं, ऑब्जेक्ट फाइल जुनीच

हा दोष आवर्जून सविस्तर सांगतो, कारण तो हुबेहूब पार्सरच्या दोषासारखा दिसतो.

टोकनच्या हेडरमध्ये (अनेक सी फाइली वापरतात त्या सामाईक फाइलमध्ये) एक इनम, म्हणजे नावांना क्रमाने आकडे देणारी यादी, आहे. ओळखनाम ०, संख्या १, अधिक २, उणे ३, गुणिले ४, भागिले ५. कुणीतरी भाषेत अधिक-अधिक हे नवं चिन्ह आणलं आणि ते नीटनेटकं दिसावं म्हणून अधिकच्या लगेच खाली लिहिलं. आता अधिक-अधिक ३, उणे ४, गुणिले ५, भागिले ६. लेक्सरची फाइल त्याच कमिटमध्ये बदलली, म्हणून ती पुन्हा कंपाइल झाली. पार्सरची फाइल बदललेली नाही आणि मेकफाइलमध्ये पार्सरच्या ऑब्जेक्टसमोर (ती फाइल कंपाइल होऊन बनलेल्या फाइलसमोर) हे हेडर लिहिलेलं नाही, म्हणून ती जुनीच राहिली.

आता इनपुट द्या: ७ - २ * ३. अपेक्षित उत्तर १. नवा लेक्सर उणेसाठी ४ पाठवतो, जुना पार्सर ४ म्हणजे गुणिले समजतो. लेक्सर गुणिलेसाठी ५ पाठवतो, पार्सरला ते भागिले वाटतं. पार्सर ७ गुणिले २ भागिले ३ असं झाड बांधतो आणि पूर्णांकांत उत्तर येतं ४. एएसटी छापली तर मुळाशी भागाकार. बघणारा सरळ चिन्हांच्या अग्रक्रमाच्या तक्त्याकडे जातो, आणि तो तक्ता बरोबर असतो. लेक्स-टेस्टही हिरवं, कारण लेक्सर खरंच बरोबर आहे.

उपाय हाताने हेडरांची यादी करण्यात नाही. ती यादी महिन्याभरात पुन्हा अपुरी पडते. जीसीसी आणि क्लँग दोघांनाही -एमएमडी आणि -एमपी हे पर्याय द्या. प्रत्येक ऑब्जेक्टसोबत .डी शेपटाची एक छोटी फाइल बनते आणि तिच्यात त्या फाइलने वापरलेली प्रोजेक्टची सगळी हेडर असतात. मेकफाइलच्या शेवटी त्या फाइली ‘-इन्क्लूड’ने आत घ्या. -एमपीमुळे पुढे एखादं हेडर काढून टाकलं तरी बिल्ड अडत नाही.

बायसन (व्याकरणावरून पार्सर बनवणारं साधन) वापरत असाल तर तो व्याकरणाच्या एकाच फाइलमधून सी फाइल आणि हेडर अशा दोन गोष्टी बनवतो. दोन्ही नावं साध्या नियमाच्या डावीकडे लिहिली तर मेक त्यांना दोन वेगळी कामं समजतं, आणि -जे दिल्यावर बायसन एकाच वेळी दोनदा चालू शकतो. जीएनयू मेक ४.३ पासून, म्हणजे २०२० पासून, यासाठी एकत्र टार्गेटची सोय आहे: कोलनच्या आधी अँपरसँडचं चिन्ह. लेक्सरच्या ऑब्जेक्टसमोर बायसनचं हेडर अवलंबन म्हणून हवंच, नाहीतर कोऱ्या फोल्डरमधला पहिला बिल्ड कधी चालेल, कधी नाही.

डोळ्यांना सारखं, डिफला वेगळं

‘कॅट -ए’ ने, ए कॅपिटल, दोन्ही फाइली बघा. ओळीच्या शेवटी डॉलरच्या आधी ^एम दिसलं तर ओळीचा शेवट विंडोज पद्धतीचा आहे. गिटअ‍ॅट्रिब्यूट्समध्ये अपेक्षित फाइलींचा ओळ-शेवट पक्का करून टाका. आउटपुट कुठेही सॉर्टमधून जात असेल तर एलसी_ऑलला सी ही किंमत द्या. लोकेल (भाषा आणि प्रदेशाची सेटिंग) बदललं की क्रम बदलतो.

फ्लेक्सचा (नियमांवरून लेक्सर बनवणाऱ्या साधनाचा) लेक्सर असेल आणि टोकनच्या यादीत मध्येच एखादं सुटं अक्षर दिसत असेल, तर ते फ्लेक्सनेच छापलेलं असतं. कुठल्याच नियमात न बसलेलं अक्षर तो गुपचूप आउटपुटमध्ये सोडतो. ‘नोडिफॉल्ट’ हा पर्याय लावा, मग तो गप्प न बसता थांबेल. बिल्डमध्ये ‘नियम कधीच जुळणार नाही’ अशा अर्थाची फ्लेक्सची सूचना येत असेल तर ती दुर्लक्षू नका. फ्लेक्स सर्वांत लांब जुळणी घेतो आणि लांबी सारखी असेल तर फाइलमध्ये आधी आलेला नियम. म्हणून ओळखनामाच्या खाली लिहिलेला ‘इफ’ हा शब्द कधीच कीवर्ड ठरत नाही.

कधी असं, कधी तसं

एकाच बायनरीला तेच इनपुट दोनदा द्या आणि दोन्ही आउटपुट ‘सीएमपी’ने ताडा. वेगळी आली तर डंपमध्ये पॉइंटरचे पत्ते छापले जातायत का ते बघा. ऑपरेटिंग सिस्टीम दर वेळी पत्ते बदलते. पत्त्याऐवजी प्रत्येक नोडला तयार होण्याच्या क्रमाने नंबर द्या. हॅश टेबलवरून फेरी मारून आउटपुट काढत असाल तर आधी क्रम लावा, आणि तो पॉइंटरवर न लावता नावावर लावा. हा दोष फक्त टेस्टचा समजू नका. तयार होणारा कोडच असा डळमळीत असेल तर पुढे स्वतःला कंपाइल करण्याच्या वेळी तो फार छळतो.

एकेक चालवल्यावर हिरवं आणि -जे दिल्यावर लाल, याचं नेहमीचं कारण म्हणजे सगळ्या टेस्ट एकाच नावाच्या तात्पुरत्या फाइलमध्ये असेंब्ली लिहितात. फाइलचं नाव टेस्टच्या नावावरून ठेवा. मेक ४.४ मध्ये, २०२२ पासून, ‘--शफल’ आहे. तो अवलंबनांचा क्रम पिसून चालवतो आणि क्रमावर विसंबलेले नियम लगेच उघडे पडतात.

दोन टप्प्यांमधला करार

इथवर मेकफाइल निर्दोष ठरली, तरी टप्पे सुटे हिरवे आणि जोडून लाल असतील, तर पार्स-टेस्टला इनपुट कुठून मिळतं ते बघा. पुष्कळ ठिकाणी ते साठवून ठेवलेल्या टोकन फाइलींवर चालतं. लेक्सर पुढे गेला, टोकनमध्ये स्तंभ क्रमांक आला, पण साठवलेल्या फाइली जुन्याच राहिल्या. दोन्ही टप्पे आपापल्या जागी बरोबर, करार मात्र मोडलेला. लेक्स-टेस्टचं अपेक्षित आउटपुट आणि पार्स-टेस्टचं इनपुट ही एकच फाइल ठेवा, म्हणजे प्रश्नच मिटतो.

अपेक्षित फाइली आपोआप नव्या करणारं टार्गेट असेल, तर त्यानंतर ‘गिट डिफ’ ओळ न ओळ वाचल्याशिवाय कमिट करू नका, आणि बिल्ड सर्व्हरवर ते टार्गेट कधीही चालवू नका. चुकीचं आउटपुट एकदा ‘अपेक्षित’ म्हणून बसलं की पुढची प्रत्येक टेस्ट त्या चुकीची राखण करते.

अनेक टप्पे लाल असतील तर फक्त सर्वांत आधीचा लाल टप्पा बघा. लेक्सर लाल असताना कोड जनरेटरचं आउटपुट वाचणं म्हणजे वेळ वाया घालवणं आहे.

आता कंपायलरकडे

इथे पोचलात म्हणजे दोष खरा आहे. कंपायलर -एफसॅनिटाइझ=अ‍ॅड्रेस,अनडिफाइन्ड देऊन बांधा आणि सगळी टार्गेट पुन्हा चालवा. हे सॅनिटायझर प्रोग्रॅम चालत असताना मेमरीच्या आणि अनिश्चित वर्तनाच्या चुका पकडतात. त्यासाठी वेगळं बिल्ड फोल्डर ठेवा, कारण पर्याय बदलले तरी मेकला ऑब्जेक्ट फाइली जुन्या वाटत नाहीत.

ऑप्टिमायझेशन बंद असताना बरोबर आणि चालू केल्यावर चूक येत असेल, तर आधी टेस्टचा प्रोग्रॅमच तपासा. सीसारख्या भाषेत चिन्हांकित पूर्णांकाची मर्यादा ओलांडणं किंवा आरंभिक किंमत न दिलेलं चल वाचणं याला ठरलेलं वर्तनच नाही, आणि तिथे कंपायलर निर्दोष असतो. प्रोग्रॅम स्वच्छ असेल तर ऑप्टिमायझेशनचे पास, म्हणजे त्याचे छोटे टप्पे, एकेक करून बंद करत दोषी पास शोधा. एलएलव्हीएमवर बांधलेलं असेल तर ऑप्ट-बायसेक्ट-लिमिट हेच काम करतं. दोष नवा असेल तर ‘गिट बायसेक्ट रन’ला (दोष आणणारं कमिट शोधणाऱ्या आज्ञेला) ते टार्गेट जोडून द्या, आणि ज्या कमिटवर बिल्डच होत नाही तिथे १२५ परत द्या, म्हणजे गिट ते कमिट वगळेल.

कोड जनरेटरचा एक दोष मला वारंवार भेटतो: पूर्णांक छापणारे प्रोग्रॅम चालतात आणि दशांश संख्या छापताच प्रिंटएफच्या आत कोसळतात. जीडीबी या डीबगरमध्ये थांबलेली सूचना ‘मूव्हएपीएस’ दिसली तर स्टॅकचा पत्ता बघा. लिनक्सवर एक्स८६-६४ च्या नियमाप्रमाणे कॉलच्या आधी तो १६ ने भाग जाणारा असावा लागतो. फंक्शनच्या सुरुवातीला राखलेली जागा आठ बाइटने चुकली की एवढंच होतं.

कंपायलर स्वतःलाच कंपाइल करत असेल तर जीसीसीची तीन टप्प्यांची रीत घ्या. यंत्रावरच्या कंपायलरने पहिला बांधायचा, पहिल्याने दुसरा, दुसऱ्याने तिसरा, आणि दुसऱ्या व तिसऱ्याच्या ऑब्जेक्ट फाइली ताडायच्या. पहिला आणि दुसरा ताडू नका. ते वेगळ्या कंपायलरांनी बांधलेले असल्यामुळे वेगळे असणारच. दुसरा आणि तिसरा वेगळे निघाले तर आधी बायनरीत बिल्डची तारीख किंवा फोल्डरचा मार्ग शिरलाय का ते बघा, मग हॅशचा क्रम, मग व्हॅलग्राइंड या मेमरी तपासणाऱ्या साधनाने आरंभिक किंमत नसलेली मेमरी.

कुठे थांबायचं

तेच इनपुट, तीच बायनरी, एकच थ्रेड, आणि तरी दर वेळी वेगळ्याच ठिकाणी कोसळतंय, तर कोड बाजूला ठेवा. दुसऱ्या मशीनवर चालवून बघा. तिथे ठीक असेल तर रॅम तपासणारं मेमटेस्ट८६+ पहिल्या मशीनवर रात्रभर लावा आणि मशीन हार्डवेअरच्या माणसाकडे द्या. मोठे बिल्ड खराब रॅम उघडी पाडतात.

यंत्रावरच्या कंपायलरवरच संशय येत असेल, म्हणजे तुमचा कोड सॅनिटायझरमध्ये स्वच्छ आहे, वीस-तीस ओळींचं उदाहरण हाताशी आहे आणि एका आवृत्तीत बरोबर तर दुसरीत चूक येते, तर त्याभोवती आडवाट काढत बसू नका. त्या कंपायलरच्या देखभाल करणाऱ्यांकडे तक्रार नोंदवा.

दुसरा आणि तिसरा टप्पा वरचं सगळं करूनही जुळत नसतील, किंवा चूक रजिस्टर वाटपात वा लिंकरच्या रिलोकेशनमध्ये असेल आणि त्या भागावर तुमच्यापैकी कुणी आधी काम केलेलं नसेल, तर कोड जनरेशनचा अनुभव असलेल्या इंजिनिअरला बोलवा. इथे अंदाजाने केलेली दुरुस्ती एक टेस्ट हिरवी करते आणि तिने दुसरीकडे केलेला बिघाड कुठलीच टेस्ट पकडत नाही.

तयार होणारा कोड विमानात, गाडीच्या ब्रेकमध्ये किंवा वैद्यकीय उपकरणात जाणार असेल तर याही आधी थांबा. विमानासाठी डीओ-३३० आणि गाड्यांसाठी आयएसओ २६२६२ यांत साधनांवरच्या विश्वासाचे वेगळे नियम आहेत. तिथे कंपायलरला हात लावण्याचा निर्णय सुरक्षिततेची जबाबदारी असलेल्या माणसाशिवाय घ्यायचा नाही.

कुणालाही बोलावलंत तरी त्यांच्या हाती या गोष्टी द्या: सर्वांत आधी लाल झालेल्या टप्प्याचं नाव, शक्य तितकं लहान केलेलं इनपुट (सी-रिड्यूस हे काम चांगलं करतं), ‘मेक --ट्रेस’चं पूर्ण आउटपुट, यंत्रावरच्या कंपायलरची आणि मेकची आवृत्ती, शेवटचं चालणारं आणि पहिलं न चालणारं कमिट, आणि सुरुवातीला ‘सीपी -ए’ने काढलेली ती प्रत, जशीच्या तशी, तिच्यात एकदाही क्लीन न करता.